मानकोलीचा कोबा

गेले पाच विकांत मी गुडघ्यांवर बसून जमीन घासतोय. ट्रेक नाही, सिनेमा नाही, मित्रांचे फोन उचलले नाहीत. हापिसात सोमवारी कोणी "काय केलंस विकेंडला?" विचारलं की "तेल काढलं" असं उत्तर द्यायचो, आणि लोकांना वाटायचं मी प्रोजेक्ट मॅनेजरबद्दल बोलतोय.

तर झालं असं. मुंबईहून नाशिकला जाताना ठाणं सोडलं, खारेगावची खाडी ओलांडली की मानकोलीचा उड्डाणपूल लागतो (काही पाट्यांवर माणकोली, काहींवर मानकोली. गावकऱ्यांना दोन्ही चालतं). डाव्या हाताला अंजूर फाटा आणि भिवंडी, उजव्या हाताला गाव, त्यापुढे उल्हास खाडी आणि पलीकडे डोंबिवली. या गावात माझ्या मामाची एक शेड आहे. तीस बाय साठ फूट, म्हणजे अठराशे चौरस फूट. भाडेकरू सोडून गेला होता आणि माझ्या मामेबहिणीला तिथे मसाले दळून पॅक करायचा धंदा काढायचाय. खाण्याच्या पदार्थांचं लायसन्स हवं तर जमीन धुता येणारी, भेगा नसलेली, न शोषणारी पाहिजे. आणि शेडची जमीन होती काळीकुट्ट. चाळीस वर्षांचं तेल प्यायलेला कोबा.

मामाने एका कंत्राटदाराला बोलावलं. त्याने आकडा सांगितला. मामा म्हणाला, "आरं, एवढ्यात दुसरी शेड होईल." मग त्याने माझ्याकडे पाहिलं. इंजिनियर भाचा कधीतरी कामाला यायलाच हवा ना!

मला वाटलं होतं दोन दिवसांचं काम आहे. साबण, ब्रश, पाणी, रंग. पण जसजसा घासत गेलो तसतसं लक्षात आलं की ही जमीन म्हणजे एक दप्तर आहे. फक्त कागदाऐवजी काँक्रीटवर लिहिलेलं, आणि शाईऐवजी वंगणाने.

आधी खळं होतं

मामाच्या आठवणीत ही जागा म्हणजे भाताचं खळं. मार्गशीर्षात भाताचे भारे इथे येऊन पडायचे. झोडपणी व्हायच्या आधी जागा साफ करायची, माती ओली करून चोपायची आणि वर शेणाचं सारवण. आपल्याकडची सगळ्यात जुनी 'फ्लोअरिंग टेक्नॉलॉजी' हीच. खराब झाली की पुन्हा सारवा. डाग पडायचा प्रश्नच नाही, कारण डागासकट जमीनच नवी होते.

हा सगळा पट्टा तसा खाडीकाठचा. शिवाजी महाराजांनी १६५७ साली कल्याण-भिवंडी घेतली आणि इथल्या खाडीत जहाजं बांधायला सुरुवात केली, हे आपण चौथीत शिकतो. मानकोलीच्या शेजारचं अंजूर म्हणजे गंगाजी नाईक अंजूरकरांचं गाव. चिमाजी अप्पांच्या १७३७ ते १७३९ च्या वसई मोहिमेत ज्यांचा मोठा वाटा होता, ते हेच नाईक. म्हणजे गोदामांच्या भिंतींमागे इतिहास आहे, पण आपण हायवेवरून जाताना तो दिसत नाही. आपल्याला दिसतात निळे पत्रे आणि कंटेनर.

खळ्यावर कोबा आला १९८३ साली. आईच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी घातला. आणि तो नेमका तेव्हाच का आला, हे शोधताना मला मजा वाटली.

सिमेंट ही वस्तू त्या काळी रेशनच्या साखरेसारखी होती. किंमत सरकारने ठरवलेली, परमिट लागायचं, एरवी काळ्या बाजारात घ्या. महाराष्ट्रात तर सिमेंटवरून मुख्यमंत्री गेले. जानेवारी १९८२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा सिमेंट वाटपाच्या प्रकरणातला निकाल विरोधात गेला आणि अंतुल्यांना पद सोडावं लागलं. पुढच्याच महिन्यात, फेब्रुवारी १९८२ मध्ये केंद्र सरकारने सिमेंटवरचं नियंत्रण अर्धवट उठवलं. कारखान्यांना उत्पादनाचा काही भाग खुल्या बाजारात विकायला परवानगी मिळाली. (पूर्ण नियंत्रण उठायला १९८९ उजाडलं.) म्हणजे मानकोलीसारख्या गावातल्या शेतकऱ्याला दुकानात जाऊन, पैसे मोजून, कोणाच्या पाया न पडता सिमेंट मिळायला नुकतीच सुरुवात झाली होती.

आणि त्याच जानेवारीत दुसरी एक गोष्ट सुरू झाली होती.

संप

१८ जानेवारी १९८२. मुंबईतल्या गिरण्यांचा संप. डॉ. दत्ता सामंत नेते, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर. पगारवाढ, बोनस हे तर होतंच, पण मूळ भांडण वेगळं होतं. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका उद्योगात एकाच मान्यताप्राप्त युनियनला बोलणी करायचा हक्क दिला होता, आणि ती युनियन म्हणजे राष्ट्रीय मिल मजदूर संघ. बहुसंख्य कामगारांना ती नको होती. सरकार हटेना, मालक हटेनात, कामगारही हटेनात. हा संप औपचारिकरीत्या कधी मागे घेतला गेलाच नाही. तो नुसता विरत गेला.

पण लोकांनी कपडे घालणं थोडंच थांबवलं होतं? गिरण्या बंद, तर कापड विणणार कोण? उत्तर होतं भिवंडी.

भिवंडीत विणकर जुने. १८५७ नंतर उत्तरेतून आलेली मोमीन-अन्सारी कुटुंबं इथे आणि मालेगावात स्थिरावली, आधी हातमागावर आणि मग यंत्रमागावर. संपाच्या आधीपासूनच गिरणीमालक आपलं विणकाम थोडं थोडं बाहेर देत होतेच. यंत्रमागवाल्याला गिरणीसारखे नियम नव्हते. आठ तासांच्या जागी बारा तासांची पाळी, पगारी रजा नाही, युनियन नाही. गिरणीने सूत द्यायचं, विणून घ्यायचं, आपला शिक्का मारायचा. संपाने या वाटेचा हायवे केला. भिवंडी शहरातली जागा कमी पडायला लागली आणि लूम आजूबाजूच्या गावांत पसरले.

त्या लाटेत आबांनी खळ्यावर शेड टाकली, कोबा घातला आणि चोवीस जुने लूम आणून बसवले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. माझ्या वडिलांचे वडील, ज्यांना आम्ही सगळे तात्या म्हणतो, ते मुंबईच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. साचा म्हणजे माग. संपात ते पहिल्या दिवसापासून होते आणि त्यांची नोकरी गेली ती कायमचीच. म्हणजे एका आजोबांचं काम गेलं, आणि दुसऱ्या आजोबांकडे काम आलं. ते एकच काम होतं. पुढे बाराएक वर्षांनी या दोन घरांत सोयरीक झाली आणि कालांतराने मी. हे मला आधीपासून माहीत होतं, पण ते जरा 'जनरल नॉलेज'सारखं माहीत होतं. जमीन घासेपर्यंत.

डाग कसे वाचायचे

पहिल्या शनिवारी झाडून काढल्यावर दिसलं की डाग कसेही पडलेले नाहीत. त्यांना रांगा आहेत! दर चार ठिकाणी एक बोल्टचं भोक, म्हणजे लुमाचे पाय. दोन रांगांमधली चिंचोळी वाट मात्र गुळगुळीत आणि जरा उजळ. ती कामगारांच्या पायांनी घासून निघालेली. पंचवीस-सव्वीस वर्षं रोज दोन पाळ्या माणसं त्या वाटेवर अनवाणी येरझाऱ्या घालत होती.

लूम तेल खातो. धोटा या टोकाकडून त्या टोकाला मिनिटाला शेदीडशे वेळा फेकायचा म्हणजे लोखंडावर लोखंड आपटणार. क्रँक, टॅपेट, पिकिंग शाफ्ट, सगळीकडे थेंब थेंब वंगण सोडायचं. ते गळतं. त्यात सुताची तूस उडून बसते. तेल अधिक तूस बरोबर कीट. हे कीट वर्षानुवर्षं पायांखाली दाबलं गेलं की नमद्यासारखा काळा थर होतो. तो आम्ही चक्क खुरप्याने काढला. पोतीच्या पोती निघाली.

जगभर हीच कथा. अठराव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमधल्या गिरण्या बहुमजली आणि लाकडी जमिनीच्या होत्या. लाकूड तेल प्यायचं, हवेत कापसाची तूस, उजेडाला दिवे. एक ठिणगी पडली की खेळ खलास. त्या आगींना कंटाळूनच १७९७ साली श्रूजबरीजवळ डिदरिंग्टनला लोखंडी सांगाड्याची पहिली गिरणी उभी राहिली. आजच्या गगनचुंबी इमारतींची ती पणजी समजली जाते. म्हणजे तेलकट जमिनीच्या भीतीतून स्कायस्क्रेपर निघाला, असं म्हटलं तरी चालेल. विणकामाचे माग मात्र तळमजल्यावरच ठेवत, कारण शेकडो माग एकदम धडधडले तर वरचा मजला हादरतो. भिवंडीतही शहाणा माणूस लूम जमिनीवरच बसवतो.

रांगांवर आणखी एक थर होता. गोल गोल ठिपके आणि टायरचे पट्टे. हा २०१० नंतरचा, गोदामाचा काळ. आमच्या शेडमधला शेवटचा लूम २००९ साली भंगारात गेला. किलोवर. लोडशेडिंग, सुताचे भाव, स्वस्त परदेशी कापड, नवे शटललेस माग, कारणं पुष्कळ. पण शेड रिकामी राहिली नाही, आणि त्याला कारण होती जकात.

मुंबईत माल शिरला की जकात. पण तोच माल भिवंडीबाहेरच्या एखाद्या ग्रामपंचायतीत उतरवून ठेवला, आणि लागेल तेवढाच मुंबईत नेला, तर? जकात फक्त तेवढ्यावर, आणि तीही माल आत जाईल तेव्हा. उरलेला माल नाशिक, पुणे, गुजरात कुठेही पाठवा, मुंबईची जकात शून्य. त्यात १९८९ साली न्हावाशेव्याचं बंदर सुरू झालेलं, मुंबई-आग्रा रस्ता दाराशी आणि भातशेतीची जमीन स्वस्त. काल्हेर, कशेळी, पूर्णा, राहनाळ, दापोडे, वळ, मानकोली... एकेक गाव वखारीत बदललं. नियोजन मागून आलं. या परिसरासाठी एमएमआरडीएला नियोजन प्राधिकरण नेमलं ते २००७ साली. तोवर बरीचशी शेतं पत्र्याखाली गेली होती. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, मुंबईची जकात संपली. लोकांना वाटलं आता गोदामंही संपणार. झालं उलटंच! राज्याराज्यांत छोटी छोटी गोदामं ठेवायची गरज संपली, कंपन्यांनी मोठी मोठी बांधायला घेतली, आणि त्यात ऑनलाइन खरेदी आली. तुम्ही रात्री बारा वाजता मागवलेला चार्जर सकाळी दारात येतो, तो बहुतेक वेळा आमच्या मामाच्या गावाजवळून येतो :)

पण घाईघाईने उभ्या राहिलेल्या गोष्टींची किंमत असते. २९ एप्रिल २०२३ ला याच मानकोलीच्या वळपाड्यात एक तीनमजली इमारत कोसळली. खाली गोदाम, वर राहणारी कुटुंबं. आठ माणसं गेली. मामा त्या दिवशी तिथे उभा होता. त्या विषयावर तो फार बोलत नाही. फक्त आमच्या शेडच्या खांबांवर तेव्हापासून तो दर पावसाळ्यानंतर हात फिरवून भेगा बघतो, हे मामीने सांगितलं.

तेल काढणे

आता थोडं तांत्रिक. (ज्यांना घराच्या पार्किंगमधला डाग काढायचाय, त्यांनी हा भाग नीट वाचा.)

काँक्रीट दगडासारखं दिसलं तरी ते स्पंज आहे. त्यात बारीक बारीक नळ्या असतात. सिमेंट घट्ट होताना जादाचं पाणी जिथून निघून गेलं त्या या वाटा. तेल त्यांतूनच आत शिरतं. वरचं तेल पुसणं सोपं, आतलं काढणं कठीण.

पहिली चूक मी केली ती सोड्याची. आईचा उपाय: "धुण्याचा सोडा टाक, तेलकट कढई निघते तसं निघेल." कढईवर असतं शेंगदाण्याचं किंवा सोयाबीनचं तेल. सोड्यासारख्या अल्कलीने त्या तेलाचा साबण होतो आणि पाण्याबरोबर वाहून जातो. पण लुमाचं तेल जमिनीतून निघालेलं, खनिज. त्याचा साबण होतच नाही. अख्खा एक रविवार सोडा घासून पाहिला. जमीन स्वच्छ झाली आणि डाग अधिक ठळक दिसायला लागले!

दुसरी चूक ॲसिडची. हार्डवेअरवाला म्हणाला, "टाका बिनधास्त." ॲसिड सिमेंटमधल्या चुन्याशी झगडतं, तेलाशी नाही. जिथे तेल आहे तिथे ते सिमेंटपर्यंत पोचतच नाही. एका कोपऱ्यात थोडंसं टाकून पाहिलं. स्वच्छ जागी फसफसलं, तेलकट जागी ढिम्म. म्हणजे साफ करायला निरुपयोगी, पण निदान करायला उत्तम.

मग चाललं ते असं. आधी कीट खरवडलं. मग डिग्रीझर, म्हणजे तेलाचे बारीक बारीक थेंब करून पाण्यात धरून ठेवणारं रसायन, ते गरम पाण्यात कालवून ताठ ब्रशने घासलं. अर्धा तास मुरू दिलं, पण सुकू दिलं नाही. मग ते पाणी तसंच नाल्यात न सोडता त्यावर लाकडाचा भुसा आणि भाताचं तूस पसरलं. ते सगळं शोषून घेतं. भरून पोत्यात. (खळ्याच्या जागी पुन्हा तूस पसरताना मामा एकटाच हसला.) हेच पुन्हा. आणि पुन्हा. हट्टी डागांवर खडूची पूड आणि सॉल्व्हंटचा लेप लावून वर प्लॅस्टिक झाकून ठेवलं. हळूहळू तेल लेपात चढतं. जखमेवरच्या पोटिसासारखंच.

दर वेळी परीक्षा एकच: पाण्याचा थेंब टाका. मोत्यासारखा उभा राहिला तर तेल अजून आहे. जमिनीने पिऊन टाकला तर पास.

शेवटी भाड्याने ग्राइंडर आणून वरचा पातळ थर खरवडला. याच्या धुळीत सिलिका असते आणि ती फुप्फुसात बसली की निघत नाही, म्हणून चांगला मास्क आणि मशीनला व्हॅक्युम जोडलेला हवाच. रुमाल बांधून हे करू नका, प्लीज.

तात्या

चौथ्या रविवारी बाबा तात्यांना घेऊन आले. तात्या आता पंच्याऐंशीचे. सहज म्हणून आले होते, फिरायला. मामाने खुर्ची दिली, ते बसले नाहीत. काठी टेकत रांगांच्या मधल्या वाटेने सरळ चालत गेले आणि शेवटच्या रांगेशी थांबले.

"पाहुणे, हा साचा फार तेल पीत होता का हो?"

मामा बघतच राहिला. "हो. सात नंबर. सारखा बिघडायचा."

"बेअरिंग गेलं असणार. आवाजावरनं कळतं." मग थोडं थांबून, "तुमच्याकडे एकेकाला किती साचे द्यायचे?"

"सहा."

"आम्हाला नारपोलीत आठ दिले होते."

शेडमध्ये एकदम शांत झालं. नारपोली हा भिवंडीतला लूमचा भाग. तात्या नारपोलीत कधी होते? बाबांकडे पाहिलं, तर त्यांच्याही चेहऱ्यावर तेच.

तात्यांनी मग सांगितलं, जमिनीकडे बघतच. १९८३ च्या पावसाळ्यानंतर घरात काही उरलं नव्हतं. चाळीत सांगितलं की गावाला शेती बघायला जातो. गावाला न जाता भिवंडीला आले. दोन वर्षं बारा तासांच्या पाळीत लूम चालवले. कापड गिरणीचंच होतं, त्यावरचा शिक्काही ओळखीचा. चाळीतले दोघे-तिघे त्यांना तिथे भेटले. तेही 'गावाला' गेलेले. कोणी कोणाला ओळख दिली नाही.

"संप मोडला असं नव्हतं," ते म्हणाले. "पण मोडला नाही असं तरी कसं म्हणू?"

१९८२ चा संप पुस्तकांत वाचला तर त्यात एका बाजूला लढणारा कामगार आणि दुसऱ्या बाजूला भिवंडीचे लूम असतात. लढणाराच लुमावर उभा होता, असंही पुष्कळ ठिकाणी घडलं. अनेक गिरणी कामगार पोटासाठी भिवंडीच्या वाटेला लागले होते. अभ्यासकांना हे ठाऊक आहे. आमच्या घरातल्या कोणाला चाळीस वर्षं ठाऊक नव्हतं.

मी काहीतरी बोलायला हवं होतं. मला सुचलं नाही. मामाने मात्र खुर्ची उचलून सात नंबरपाशी आणून ठेवली आणि म्हणाला, "बसा तात्या. चहा आलाय." आणि ते बसले.

रंग

पाचव्या विकांताला रंग. त्याआधी एक तपासणी महत्त्वाची. प्लॅस्टिकचे चौकोनी तुकडे जमिनीला चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून रात्रभर ठेवायचे, किमान सोळा तास. सकाळी खाली दव दिसलं तर जमिनीतून ओल येतेय. अशा जागी इपॉक्सी लावलं तर खालच्या वाफेने फुगे येतात आणि रंग पापडासारखा सुटतो. आबांनी कोबा घालताना खाली प्लॅस्टिक अंथरलेलं नव्हतं, तेव्हा गावात कोणी अंथरतही नसे. सगळीकडे कोरडं निघालं, फक्त खाडीच्या बाजूच्या एका कोपऱ्यात ओल.

इपॉक्सी ही तशी अलीकडची गोष्ट. स्वित्झर्लंडमध्ये पिएर कास्टान नावाच्या रसायनतज्ज्ञाने १९३० च्या दशकात ती शोधली ती दातांच्या कवळ्यांसाठी! दोन डबे असतात, एक राळ आणि एक हार्डनर. ठरलेल्या प्रमाणात एकत्र केले की घड्याळ सुरू. उन्हाळ्यात अर्ध्या-पाऊण तासात डब्यातला माल वापरून संपवला नाही तर डबाच दगड होतो. म्हणून एकाने कालवायचं, एकाने रोलर मारायचा आणि दाराकडे सरकत यायचं. आधी प्रायमर, मग दोन हात. चालायला एक दिवस, जड सामान ठेवायला सात दिवस थांबायचं.

रंग राखाडी. मामेबहीण म्हणाली, "दादा, मिरचीपूड सांडली तर लगेच दिसेल." हिशेबी आहे पोरगी.

दोन जागी रंग लावला नाही. एक तो ओला कोपरा. दुसरी जागा सात नंबरची. पाच वेळा घासलं, लेप लावला, ग्राइंडर फिरवला, तरी पाण्याचा थेंब मोत्यासारखा उभा. तिथलं तेल पार खालपर्यंत गेलंय. तशा जागी रंग धरत नाही. खरं म्हणजे तेवढा तुकडा फोडून नवा कोबा भरायला हवा, एका दिवसाचं काम आहे. मी तसं सुचवलं. मामेबहिणीने टेपने मोजलं, नकाशा उलटसुलट केला आणि पार्टिशन चार फूट अलीकडे घ्यायचं ठरवलं. आता तो काळा चौकोन पॅकिंगच्या खोलीबाहेर आहे, चपला काढायच्या जागी. बाजूला एक खुर्ची आहे.

तात्या परवा विचारत होते, मसाल्याचं काम सुरू कधी होणार. मी म्हटलं पुढच्या महिन्यात. "मग एकदा ने मला," म्हणाले. "मिरचीचा खकाणा चालेल. तुसापेक्षा बरा."

तर पुढचा विकांतही मानकोलीलाच. ट्रेकवाल्यांनो, माफ करा.